शिळेवरचे बैल आणि माझा चुना

जी शिळा फुटू नये म्हणून मी वर्षभर धडपडलो, तिच्यावर सुरुंगाची खूण मीच करून ठेवली. स्वतःच्या हातानं, चुन्यानं, आणि तीही फार सुबक.

लातूर जिल्हा नवा झाला त्या सुमाराची गोष्ट. पाऊस दगा देऊन गेलेला. मी गावच्या शाळेत चित्रकलेचा मास्तर. नव्या जिल्ह्याला कचेऱ्या हव्या होत्या, रस्ते हवे होते, कारखान्यांची वसाहत हवी होती आणि या सगळ्याला खडी हवी होती. म्हणून आमच्या माळावर क्रशर आला. पिकं गेलेली, त्यामुळे अर्धं गाव तिथंच कामाला. क्रशर बंद करा म्हणायची कुणाची छाती नव्हती, माझी तर मुळीच नव्हती. माझं मागणं एवढंच, की वरच्या टोकाची एक शिळा सोडा.

त्या शिळेवर बैल कोरलेले होते. माणसाच्या हाती लोखंड येण्याआधीचे आहेत, असं मी छातीठोकपणे सांगायचो आणि कुणी 'कशावरून' विचारलं की विषय बदलायचो. पण रेघ काय होती! एका ओढीत वशिंड, पाठ, शेपूट. नोकरीभर खडू झिजवून मला तशी जमली नाही.

दुपारी सुरुंग उडायचे. शाळेच्या खिडक्या थरथरल्या की पोरं खूश व्हायची आणि मी खिडकीशी धावायचो, आज कुठल्या अंगाला उडवला? शाळा सुटली की सायकल मारत माळावर जायचो, बैल जागेवर दिसले की मगच चहाला चव यायची. बायको म्हणायची, "एवढा घोर हाय तर घरी आणून दावणीला बांधा की."

शेवटी माझ्या अर्जांना यश आलं. पुरातत्त्व खात्याचे एक साहेब नांदेडला निघाले होते, शनिवारी वाटेत माळावर थांबतो म्हणाले. आनंद फार टिकला नाही. हे भर दुपारी आले तर? त्या रेघा तिरप्या उन्हातच दिसायच्या. ऊन डोक्यावर आलं की नुसता काळा दगड. साहेब बघणार, मास्तर खुळा आहे असं ठरवणार आणि जीपमध्ये बसणार. म्हणून मुरुडच्या बाजारातून चुना आणला आणि गुरुवारी संध्याकाळी एकेक रेघ भरून काढली. बैल असे उठून दिसायला लागले की मी स्वतःवरच खूश झालो.

शुक्रवारी सकाळी गेलो तर शिळेवर भोकं पाडायचं मशीन चढलेलं. सायकल टाकली आणि थेट शिळेवर आडवा झालो.

मुकादम आला. "गुर्जी, झोपायचं असंल तर सावलीत झोपा. हितं दुपारी उडवायचं हाय."

"अहो, हीच ती शिळा. वर्षभर हिच्यासाठीच तुमच्या मागं लागलोय."

"मग चुना कामून मारला? उडवायचा दगड आमी चुन्यानंच दाखवून देतो. पोरांनी चुना बघितला, मशीन चढवलं."

माळावरच्या चुन्याच्या खुणा मी वर्षभर पाहत होतो. किती वाकड्या रेघा ओढतात हे लोक, म्हणून मनात हसतही होतो.

मशीन उतरलं, पण शेवटच्या बैलाच्या शेपटीजवळ एक भोक पडून गेलं होतं. मुकादम म्हणाला, "चुना आजच्या आज काढा. दुसऱ्या पाळीची पोरं आली तर मी जिम्मेदार न्हाई."

काढायचा तर पाणी हवं, आणि पाणी टँकरचं. मी घरचा हंडा उचलला तेव्हा बायको दारात आडवी आली. "पोरांच्या पेण्याचं हाय ते."

"अर्धाच नेतो."

तिनं अर्धं पाणी कळशीत ओतून घेतलं आणि हंडा माझ्या हातात दिला. तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तारेच्या ब्रशानं बैलच खरवडून निघाले असते, म्हणून दात घासायचा ब्रश घेतला. खाली कुणी हाळी दिली की वाटायचं, आली दुसरी पाळी. पाणी संपलं. वरवरचा चुना गेला, रेघांमधला तसाच राहिला.

शनिवारी साहेब आले ते भर दुपारीच. खिशातून आरसा काढला, उन्हाची तिरीप शिळेवर आडवी टाकली आणि सगळे बैल उभे राहिले. चुन्याची काही गरजच नव्हती. बराच वेळ ते उकिडवे बसून बघत होते आणि मी त्यांच्या तोंडाकडे. मग त्यांनी मुकादमाला सांगितलं, "या शिळेला हात लावायचा नाही. तसा हुकूम काढतो, भोवती कुंपणही घालू." माझा जीव भांड्यात पडतो न पडतो, तोच त्यांनी रेघेतून बोट फिरवलं. "हा चुना कुणी भरला? आणि हे भोक?"

मी आभाळाकडे बघायला लागलो.

"सायब," मुकादम म्हणाला, "आमी औंदा या अंगाला येणारच नव्हतो. कुंपण घालायचंच असंल तर ह्या गुर्जींच्या घराला घाला."