मामाची गाळपेर

आमच्या मामाइतका चारचौघांना विचारून जगणारा माणूस परभणी जिल्ह्यात दुसरा सापडणार नाही. त्याच्या घरी राहून मी शिकलो, आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर झालो. पण मला कोणत्या शाखेला घालावं हे ठरवताना त्याने मास्तरांपासून न्हाव्यापर्यंत सगळ्यांचं मत घेतलं होतं, आणि शेवटी न्हाव्याचंच ऐकलं. परभणीत मामीसाठी चप्पल घ्यायला गेला, की दुकानातल्या परक्या बायांना विचारायचा, "ताई, तुमाला कशी वाटायलीय ही?" ऑटोत बसला तर स्टेशनवरून जावं की बसस्टँडवरून, यावर सगळ्या प्रवाशांचं मत घ्यायचा. मामी म्हणायची, "अंतरपाट धरल्यावर बी ह्यायनी भटजीला विचारलं आसंल, पोरगी बरी हाय का म्हणून."

गावाला लागून आमचं तळं आहे. थंडीत तिथे लांबून बदकं येतात, बाभळींवर करकोचे बसतात, कडेच्या लव्हाळ्यात पाणकोंबड्या घरटी करतात. ते गावानेच राखायचं असं ठरलं आणि आराखडा लिहायचं काम माझ्याकडे आलं. लव्हाळ्याकडे चराई बंद, तळ्याच्या पोटात पेरणी बंद, असं मी मनापासून लिहून ग्रामसभेत वाचलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मामा तेवढा उठला.

"ज्यायची मेंढरं तिथं पाणी पितेत ते तर देवगाव फाट्याकडं गेलेत. त्यायला न विचारता कसं ठरवायचं?"

"पाखरायला बी विचारून घ्या एकदा," सरपंच म्हणाले.

"पाखरायकून बोलायला आमचे भाचेसाहेब हायेत की," मामा म्हणाला आणि खाली बसला. सभा पुढे ढकलली गेली.

दुसऱ्या दिवशी मोटारसायकलवर मला मागे बसवून मामा निघाला. उन्हाळ्यात मोकळ्या रानात खतासाठी मेंढ्या बसवायची आपल्याकडे रीत आहे. तशाच एका काळ्या रानात ती आमच्या गावची मेंढपाळ कुटुंबं उतरली होती. त्यांच्यातल्या थोरल्या बाईला सगळे आक्का म्हणतात. तिने चहा दिला, मी वाचून दाखवलेला आराखडा सगळा ऐकून घेतला आणि म्हणाली, "लव्हाळ्याची बाजू सोडताव आमी. पर उताराच्या अंगानं पाण्याला वाट पायजे, न्हाई तर मेंढरं कुठं न्यायची?"

"देऊ की वाट," मामा खुशीत म्हणाला.

"आन् दादा, तळ्यात हरभरा कुणाचा आस्तो?"

मामाने कप खाली ठेवला. पाणी ओसरलं की तळ्याचा जो गाळ उघडा पडतो, त्यात मामा दरसाल हरभरा पेरायचा. ही गाळपेर त्याच्या बापाने, दगड वेचून, झुडपं उपटून, उभी केलेली होती. आराखड्यातलं 'पेरणी बंद' त्याने माझ्याच तोंडून ऐकलं होतं; ते आपल्यालाही लागू आहे, हे मात्र त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"आमी चराई सोडायची आन् तुमी पेरायचं," आक्का शांतपणे म्हणाली, "हे कसं जमंल?"

पुढच्या सभेत माझं वाचून व्हायच्या आतच तो उभा राहिला. "माझी गाळपेर बंद. लिव्हा भाचेसाहेब." मग गाळात पेरणाऱ्या बाकीच्या दोघातिघांनाही नाही म्हणता येईना. मेंढरांची वाट आराखड्यात आली आणि तो मंजूर झाला. मामीला ही बातमी शेजारणीकडून कळली. "आख्ख्या गावाला विचारतेत," ती म्हणाली, "आन् मलाच न्हाई." कितीतरी दिवस ती मामाला ताट वाढायची, पण 'जेवा' म्हणायची नाही.

यंदाच्या थंडीत मी गावी गेलो तेव्हा मामा बांधावर उकिडवा बसला होता. जिथे हरभऱ्याला घाटे लागायचे, त्या ओल्या गाळात बदकं चरत होती. मी शेजारी बसलो. तळं आता पाखरांनी किती भरल्यासारखं दिसतं, असं काहीबाही बोललो. मामा ऐकत होता की नाही, कळलं नाही. बदकांवरची नजर न हलवता त्याने मला विचारलं,

"आमचा बा आसता तर हो म्हणला आसता का रं?"