चमच्याचा मासा

माझे वडील, अण्णा, माझ्याकडे कॅनडाला येऊन आता महिना होत आला. आज ते शेजारच्या म्हाताऱ्या जॉर्जबरोबर नदीत गुडघाभर पाण्यात उभे आहेत आणि मी काठावर चहाचा थर्मास घेऊन. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही. तरी काल दुपारभर गॅरेजात बसून त्यांनी माझ्या स्वयंपाकघरातला एक स्टीलचा चमचा कापला, घासला, त्याला लाल दोरा आणि गळ बांधला. सॅमन माशाला भुलवायला एवढी चकाकी पुरते म्हणे.

पाण्यात तो चमचा खरंच जिवंत वाटत होता. अचानक अण्णांच्या दोरीला ओढ बसली. जॉर्ज इंग्रजीत ओरडला, अण्णा मालवणीत, आणि हातभर चंदेरी मासा जाळीत आल्यावर दोघं गळ्यात गळे घालून हसत सुटले.

अण्णांचं असं हसू मी कधी पाहिलं नव्हतं. शाळेचा निकाल दाखवला की ते नुसती मान हलवायचे. माणसाचा आनंद कुणापुढे उसळून वर येईल, हे नात्यावर ठरत नसावं. एवढं कळूनही मला जॉर्जचा हेवा वाटत राहिला.

ओल्या पायांनी काठावर येत अण्णा मला म्हणाले, "अरे, ह्याला सांग, पुढच्या वर्षी मी नक्की येणार."

इतकी वर्षं मी फोनवर बोलावत होतो आणि ते "बघू" म्हणत होते.

मी जॉर्जला सांगितलं. 'नक्की' हा शब्दही गाळला नाही.