पाणी आलं!

तळघरात तांदळाचं तागाचं पोतं ओलं झालं होतं. आज ते उचललं आणि त्या कुबट वासाबरोबर पुराची ती सकाळ परत आली.

जर्मनीतल्या कायझर्सलाउटर्न शहराजवळच्या आमच्या गल्लीत लष्कराच्या राखीव दलाचे लोक ओढ्याकाठी वाळूची पोती रचत होते. त्यांत शेजारचा युर्गन होता. एरवी विम्याच्या कचेरीत कारकून, त्या दिवशी गणवेशात. पोती देता देता मी हिशेब केला आणि म्हणालो, "ही भिंत वीतभर कमी पडणार."

"गेनाऊ," म्हणजे 'अगदी बरोबर', असं तो म्हणाला आणि त्याने पुढचं पोतं मागितलं.

पहाटेपासून नळ बंद होते. तेवढ्यात पुण्याहून आलेली आई वरच्या खिडकीतून ओरडली, "अरे, पाणी आलं! पाणी आलं!"

मला हायसं वाटलं. "मग बादल्या भरून घे ना!"

"अरे वेड्या, नळाला नाही! मागे बघ!"

मागे वळलो. गढूळ पाणी पोत्यांवरून सावकाश उतरत होतं.

त्या बादल्यांवर आम्ही वर्षभर हसलो, कारण आता पक्की भिंत होईल असं धरून चाललो होतो. ती झाली नाही. आई वारली. घराला गिऱ्हाईक मिळत नाही, आणि पाऊस वाढतोच आहे. युर्गन वय झाल्यामुळे दलातून बाहेर पडला. मघाशी कुंपणापाशी त्याला विचारलं, "पुढच्या वेळी पोती कोण रचणार?"

"आल्झो..." तो म्हणाला, म्हणजे 'तर मग...'. मी पुढच्या शब्दांची वाट पाहत राहिलो. तो घरात निघून गेला.