भारीतली हलकी

थांबा, थांबा, हे आत्ताच सांगायला पाहिजे! बूटसुद्धा काढले नाहीत अजून. पाठीवरची बॅग तेवढी खाली टाकलीय आणि टाईप करत बसलेय, कारण शोभाआत्याबद्दल आत्ता नाही लिहिलं तर आई जेवायला बसवेल आणि सगळं राहून जाईल.

शोभाआत्या म्हणजे पप्पांची मोठी बहीण. शेजारच्या गल्लीत राहते. दुकानात गेली की वस्तू बघत नाही, तोलते! डबा असो, चादर असो, हातात धरून दोनदा वर-खाली करणार आणि भुवई उडवून म्हणणार, "हलकं नको दाखवू भैय्या, आमच्या घरात हलकं चालत नाही." तिच्या हिशेबात हलकं म्हणजे स्वस्तातलं, रद्दी. आणि भारी म्हणजे भारी. विषय संपला.

तर आमच्या कॉलेजचा ग्रुप असीरगडाकडच्या डोंगरात चालला होता. एक रात्र, तंबूत! मी तोपर्यंत एकटी एक रात्रही घराबाहेर राहिले नव्हते, यार. पप्पा म्हणाले, "आत्या हो म्हणाली तर जा." आत्या म्हणाली, "जा. पण बॅग मी घेऊन देईन." मी नाचले. तिथेच चुकले.

बॅगांच्या दुकानात दुकानदार बिचारा कौतुकाने म्हणाला, "दीदी, सामान लेके पहाड चढना है ना? ये लो, सबसे हल्की."

आत्याचा चेहरा बघायला पाहिजे होता! "सबसे हल्की? हम तुमको ऐसे दिखते हैं क्या?"

"आत्या, अगं वजनाला हलकी म्हणतोय तो!"

"तू गप वं. चार पोरींमध्ये हलकी बॅग मिरवशील? नाव कोणाचं जाईल?"

दुकानदाराने घाबरून आतून एक धूड काढलं. जाड कॅनव्हास, मागे लोखंडी पट्ट्या, कुलपाचीसुद्धा सोय. आत्याने ते दोन्ही हातांनी उचललं, "हंऽऽ" केलं आणि खूश. "ही बघ. भारी!"

"ही घेऊन मला चढता नाही येणार."

"मग नको जाऊ."

झालं! गेली माझी रात्र, गेला तंबू. मी रडकुंडीला येऊन म्हटलं, "तूच घालून दाखव ना मग. तापीवरच्या राजघाटाच्या पायऱ्या उतर आणि चढ. जमलं तर एक शब्द बोलणार नाही." दुकानदार म्हणाला, "ले जाओ, देख लो, वापस ले आना." सुटला बिचारा.

घरी भरली. पाणी, चादर, स्वेटर, वर आत्याने दराब्याचा, म्हणजे आमच्याकडच्या रव्या-तुपाच्या मिठाईचा, स्टीलचा डबा कोंबला. अर्थात भारीतला. घाट उतरताना आत्या एकदम राणी. "काय आहे वं यात?" चढताना मात्र थोड्याच पायऱ्यांवर बॅगेने तिला मागे खेचलं आणि ती बसली. म्हणजे बॅग बसली, तिच्याबरोबर आत्या! हातपाय हलतायत, उठता येईना. मी हसून हसून पायरीवर लोळले.

"दात काय काढते? पट्टे सोड आधी!"

पट्टे सोडले. ती तिथेच बसून राहिली, तापीकडे बघत. मग म्हणाली, "माझ्या लग्नात बाबांनी सासरी साड्या दिल्या. नणंदेने सगळ्यांसमोर एक अशी बोटात धरून उचलली. म्हणे, माहेरचं हलकंच आहे सगळं." पदराने मान पुसली. "आपल्या घरची पोरगी बाहेर पडताना असं कोणी बोलायला नको, बस."

मी बॅगेतून डबा, चादर, स्वेटर एकेक बाहेर काढायला लागले.

ती उठली ती सरळ दुकानात. रुबाब तोच. "भैय्या, भारीवाली में जो हल्की है ना, वो दिखाओ."

दुकानदाराने तीच पहिली बॅग काढली. सच्ची, तीच! आत्याने दोनदा वर-खाली केली. "हां. आता कसं!"

काल निघताना तिने स्वतः बॅग माझ्या पाठीवर चढवली. खाली हात लावून म्हणाली, "भरली ना सगळी?"

"सगळी."

तिने हात काढलाच नाही बराच वेळ. मग हळूच म्हणाली, "एवढंच घेऊन पण निघता येतं का वं घरातून?"

ग्रुपची गाडी हॉर्न देत होती, मी पळाले. पण रात्री तंबूत सगळे अंताक्षरी खेळत होते आणि माझ्या डोक्यात आत्याचा तोच प्रश्न; ती स्वतः कधी अशी निघालीच नव्हती ना. तुमच्याकडे झालंय का असं? एका शब्दावरून घरातलं माणूस अडून बसलं आणि खरं कारण खूप नंतर कळलं? सांगा ना!