पुठ्ठ्यामागचं बोट

"बाई, तुम्ही शाई लावा. डोकं लावू नका."

केंद्राध्यक्षांनी भरल्या खोलीत मला सुनावलं. पक्षांचे एजंट हसले. रांगेतले लोकही हसले. मी शाळेतली शिपाई. मतदानाची ड्युटी लागलेली, दिवा स्टेशनजवळच्या एका शाळेत. काम एकच, बोटाला शाई लावायची.

मी काय चुकीचं बोलले होते? एक आजी मशीनसमोर गोंधळल्या, कुठलं बटण म्हणून विचारू लागल्या. त्यांच्या चाळीच्या बिल्डरचा माणूस एजंट म्हणून बसलेला. तो उठला आणि मशीनला आडोसा म्हणून लावलेल्या पुठ्ठ्यामागे सरळ गेला. मी म्हटलं, साहेब, तो आत गेलाय. त्यावर हे उत्तर. तेवढ्यात मशीन वाजलं.

आजी बाहेर आल्या. "मी दाबलंच नाय," म्हणाल्या. कुणी ऐकलं नाही. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी मान खाली घातली आणि पुढच्या माणसाचं बोट धरलं.

वडील सांगायचे, कागदाच्या वेळी पेट्याच पळवायचे. शिक्का जरा सरकला की मत बाद. मशीन आलं, ते थांबलं. चांगलंच झालं. पण बोट कुणाचं, हे मशीनला कळत नाही. हल्ली सगळे विचारतात, मशीनमध्ये गडबड असते का. मला माहीत नाही. आमच्या खोलीत मशीन चोख चाललं. गडबड आम्ही केली. खुर्चीत बसून.

चार दिवसांनी टँकरच्या रांगेत आजी भेटल्या. मत कुणाला गेलं हे दाखवणारी मशीनच्या काचेतली चिठ्ठीही त्यांना दिसली नव्हती, तो माणूस आडवा उभा होता.

"तू होतीस ना तिथं? माझं मत कुणाला गेलं गं?"

ते मला माहीत नव्हतं. एवढंच सांगितलं, आजी, तुमचं मत त्यानं दिलं आणि मी बघत बसले. त्या हंडा उचलून गेल्या. शिवी दिली असती तर सोपं गेलं असतं.

दुपारी निवडणूक कार्यालयात लेखी तक्रार दिली. कारकून म्हणाला, मतदान झालं, आता काय उपयोग, उगाच नोकरीवर येईल. संध्याकाळी केंद्राध्यक्षांचा फोन. कागद मागे घ्या म्हणाले.

"साहेब, साक्षीदार म्हणून माझं नाव आहे. ते मी खोडणार नाही."

आजींचं मत परत येणार नाही. मला माफीही नको. पुन्हा ड्युटी लागली तर जाणार. पुठ्ठ्यामागे दुसरं कुणी शिरलं तर खुर्ची सोडून आडवी उभी राहणार, आणि बाहेरच्या रांगेला ऐकू जाईल असं ओरडणार.