हाडावरची खरखर

संग्रहालयासाठी मी एका नामशेष सागरी सरपटणाऱ्या प्राण्याचं चित्र काढत होते. समोर त्याच्या वल्ह्यासारख्या पायाचं हाड होतं. जीवाश्मांचा अभ्यास करणाऱ्या बाईंनी माझं बोट त्यावरून फिरवलं.

"खरखरीत लागतंय ना? इथं स्नायू चिकटलेला होता. तो गेला, त्याची ओढ हाडावर राहिली."

त्या खुणांवरून मी कागदावर एकेक स्नायू काढत गेले. चित्रातला खांदा भरत आला.

"एवढा जाड होता?" मी विचारलं.

"ते कुणालाच माहीत नाही. तुम्ही काढाल तेवढा."

तेव्हापासून तो प्राणी माझ्या मागे लागला. माझा अंदाज चुकला, तर सांगायला तो थोडाच येणार होता?

घरी आल्यावर अण्णांच्या, माझ्या वडिलांच्या, अंगाला तेल लावायला बसले. एके काळी खाडीत होडी वल्हवणारे अण्णा वर्षभर अंथरुणावर आहेत. खांद्याच्या हाडावर आता नुसती कातडी उरलीय. माझा हात तिथं रेंगाळला.

"याच खांद्यावर बसून जत्रा बघायचीस," ते म्हणाले.

मला जत्रा लख्ख आठवली. पाळणा आठवला, खालची माणसांची डोकी आठवली. खांदा काही केल्या आठवेना.