भाकर म्हणजे क्लच प्लेट

आमच्या अण्णांना, म्हणजे माझ्या वडलांना, लकवा मारला, तेव्हा हातपाय दोन महिन्यांत ठिकाणावर आले, पण शब्द जागा बदलून बसले. ऐकलेलं सगळं कळायचं. बोलायला गेले की भलतंच बाहेर पडायचं. निलंग्यात आमचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान. गिऱ्हाइकाने क्लच प्लेट मागितली की अण्णा मान डोलवायचे, "हाव" म्हणायचे आणि माझ्याकडे वळून सांगायचे, "भाकर."

मी लातूरची नोकरी सोडून दुकानात आले होते, आणि राग माझ्या नाकावरच असतो. "भाकर न्हाई अण्णा! क्लच प्लेट. म्हणा, क्लच प्लेट." ते ओठ जुळवायचे, कपाळाला घाम यायचा आणि पुन्हा भाकरच. इंजिनाच्या नुसत्या आवाजावरून काय बिघडलंय ते सांगणारा माणूस, आणि त्याला मी गिऱ्हाइकांसमोर बालवाडीत बसवत होते. आता आठवलं की लाज वाटते.

त्याच सुमारास दुकानाच्या बिलांसाठी आणि मालासाठी नवा प्रोग्राम घेतला. माइकमध्ये वस्तूचं नाव बोलायचं, की पडद्यावर ती वस्तू आणि तिच्या कप्प्याचा नंबर येतो. बसवायला आलेला लातूरचा माणूस म्हणाला, "ताई, ह्याच्यात एआय हाय. बसवून दिला म्हणजे काम संपलं असं न्हाई. कोण काय बोलतं आणि तुम्ही काय निवडता, ते बघून बघून हा तुमच्या दुकानाचा होतो."

"आमचं बोलणं पुण्याच्या पाव्हण्यांना कळत न्हाई, ह्याला काय डोंबल कळणार!" मी म्हणाले.

अण्णांना मात्र माइक आवडला. तो ओरडत नव्हता ना! ते वाकून हळूच "भाकर" म्हणायचे. पडद्यावर यायचं, सापडलं नाही. मग मी चरफडत बरोबर वस्तूवर बोट दाबायचे. नाडा म्हणजे पट्टा, तांब्या म्हणजे फिल्टर. दिवसातून किती वेळा दाबलं असेल! आपण कुणाला तरी शिकवतोय, हे माझ्या गावीही नव्हतं.

मग घोळ झाला. कर्नाटकाच्या हद्दीवरच्या एका जुन्या मिस्त्रीचा फोन अण्णांनी घेतला. ऐकून मला म्हणाले, "बांगडी." गोल म्हणजे बेअरिंगच, असं धरून मी ते बांधून एसटीत टाकलं. अण्णा हात हलवून काही सांगत होते, मी बघितलंच नाही. दुसऱ्या दिवशी पार्सल परत. मिस्त्रीला पिस्टनच्या रिंगा पाहिजे होत्या, आणि ऐन पेरणीत कुणाचा तरी ट्रॅक्टर उघडा पडला होता. चूक माझी. भडकले मात्र अण्णांवर. "बास झालं. उद्यापासून घरी बसा."

अण्णा परत आलेलं बेअरिंग उचलून कप्प्यात ठेवायला गेले. आई मला बाजूला घेऊन म्हणाली, "दुकान सुटलं की हे माणूस बी हातचं सुटलं बघ. आठ दिस दे." पुन्हा एक चूक झाली की घरी, या अटीवर मी आठ दिवस दिले. स्वतःच्या बापाला!

सहाव्या दिवशी मी शिडीवर चढून माल लावत होते. खाली एका शेतकऱ्याने क्लच प्लेट मागितली. अण्णांनी माइक ओढला आणि म्हणाले, "पापड."

पापड! हा शब्द त्यांनी आधी कधीच काढला नव्हता. संपलं, म्हटलं, आता आईला काय तोंड दाखवू? मी उतरेपर्यंत अण्णा कप्प्याकडे निघालेसुद्धा. पडद्यावर सगळ्यात वर क्लच प्लेट होती. शेतकऱ्याने ती उलटसुलट करून बघितली, "हीच की" म्हणाला आणि पिशवीत घातली.

पापड मी कुठे शिकवला होता? गोल, चपटं, ताटात वाढायचं काहीतरी. अण्णा शब्द कुठून उचलतात, ती वाटच त्या प्रोग्रामने ओळखली होती. मी म्हटलं, "अण्णा, बांगडी म्हणा बरं." ते भीत भीत म्हणाले. पडद्यावर दोन चित्रं आली, रिंग आणि बेअरिंग, आणि खाली प्रश्न: यातलं कोणतं?

यातलं कोणतं! त्या दिवशी मी एवढं विचारलं असतं तर? लातूरच्या माणसाला फोन लावला, तर तोच म्हणतो, "काय सांगता ताई, पापडावर बी आलं?" देवाशप्पथ, त्या पडद्याला हात जोडावेसे वाटले. अण्णांना माझ्यासारखं बोलायला लावण्यात मी सहा महिने घालवले, आणि तेवढ्या दिवसांत तो प्रोग्राम गुपचूप त्यांचं बोलणं शिकून बसला होता. आठ दिवसांची अट मी तिथेच मोडीत काढली.

दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. अण्णा माझ्याकडे बघून म्हणाले, "वंगण." आजारपणापासून माझं नाव त्यांच्या तोंडून निघालं नव्हतं, बोलवायचं झालं तर काउंटरवर टकटक करायचे. मी सवयीने ग्रीसच्या डब्याकडे वळले, आणि थांबले.

"अण्णा, डबा पाहिजे, का मला हाक मारायलात?"

त्यांनी माझ्याकडे बोट केलं आणि लगेच मान खाली घातली, आता ही ओरडणार म्हणून.

"ओ," मी म्हणाले.